बऱ्हाणपुरी जलपरिचय-मेळाव्याचा विधी

ज्या गावातील विहिरींना दोर पुरेनासा होतो त्या गावात पाण्यावरील व्याख्याने दुथडी भरून वाहू लागतात, हा क्रम आता इतका दृढ झाला आहे की, तापीतीरीच्या बऱ्हाणपुरासारख्या प्राचीन शहरी एखाद्या उत्साही मंडळाने लोकांस आपल्या पाणलोटाची ओळख करून देण्यासाठी मेळावा भरविण्याचा संकल्प सोडल्यास त्याच्या हाताशी काही शास्त्रोक्त मार्गदर्शन असावे, हे न्याय्यच होय.

प्रथम मुहूर्त. बावीस मार्चचा जागतिक जलदिन, आषाढ शुद्ध सप्तमीची तापीजयंती आणि सरकारी जलगंगा संवर्धन अभियान, जे २०२५ साली गुढीपाडव्यास सुरू होऊन ३० जूनपर्यंत चालले, असे तीन पर्याय उपलब्ध आहेत. पैकी पहिला आणि तिसरा कार्यालयांस सोयीचा असतो, कारण खर्चाचा मेळ त्याच सुमारास घालावयाचा असतो. परंतु आमचे मत आषाढाच्या बाजूने पडते, कारण त्या दिवसांत पाणी प्रत्यक्ष हजर असण्याचा संभव असतो, आणि ज्याच्याविषयी बोलावयाचे त्याची गैरहजेरी सभेस शोभत नाही.

प्रवेशद्वाराशी गुलाबपाण्याऐवजी एक कारकून बसवावा व प्रत्येक आगंतुकाचा एकच जबाब लिहून घ्यावा : आपल्या घरच्या नळाचे पाणी कोठून येते? जुलै २०२२ मध्ये ग्रामीण भागात घरोघर नळाचे पाणी पोहोचल्याचा दाखला मिळविणारा देशातील पहिला जिल्हा म्हणून बऱ्हाणपुराची नोंद झाली, तेव्हा नळ कोठे आहे हे बहुतेकांस ठाऊक असणारच. मात्र ‘टाकीतून’ या उत्तरापलीकडे जो एक पाऊल टाकील त्यास पहिल्या रांगेत बसवावे, आणि ती रांग रिकामी राहिल्यास तशीच राहू द्यावी, मान्यवरांनी भरून काढू नये.

स्थळाच्या बाबतीत मंगल कार्यालयाचा मोह निक्षून टाळावा. जहांगीर बादशहाच्या अमदानीत, १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाने तबकुतुल अर्ज नामक इराणी जाणकाराच्या सल्ल्याने लालबागेच्या बाजूस जो कुंडी भंडारा सिद्ध करविला, तो असताना पंख्याखाली बसून पाणलोटाची चित्रे पाहणे म्हणजे तापीच्या काठी घंगाळात स्नान करणे होय. सातपुड्याच्या उतारावर पडून जमिनीत मुरलेले आणि सावकाश तापीकडे सरकणारे पाणी वाटेतच गाठावे, शंभराहून अधिक कुंड्या खणून त्या पोटातून भुयारांनी एकमेकींस जोडाव्यात, आणि मोट नको, रहाट नको, केवळ उताराच्या बळावर ते पाणी शहरातील जाळी करंजापर्यंत आणून सोडावे, अशी ही योजना. तिच्यात पाणलोटाचे सगळे शास्त्र विनाफलक मांडून ठेवलेले आहे.

येथे संयोजकाने दोन विघ्नांपासून सावध असावे. पहिले विघ्न मुमताज महल. १६३१ साली तिचे याच शहरी निधन झाले व पलीकडे जैनाबादेत तिचे प्रथम दफन झाले, हे कळताच श्रोतृवृंद ताजमहालाकडे असा वळतो की त्यास पुन्हा भुयाराशी आणणे दुष्कर होते. म्हणून हा विषय बसमध्येच उरकून घ्यावा. दुसरे विघ्न खुद्द खानखाना. हा मुत्सद्दी दोहे रचीत असे, आणि पाण्यावरील त्याचा दोहा प्रत्येक सूत्रसंचालकास मुखोद्गत असतो. एका कार्यक्रमात तो एकदाच म्हणण्याची परवानगी असावी. २०२४ साली या भंडाऱ्याचे नाव युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत दाखल झाल्याची वार्ता पाव मिनिटात सांगता येते, तीवर अर्धा तास घालवू नये.

अध्यक्षीय भाषण कुंडीच्या तळाशी ठेवावे. सुमारे ऐंशी फूट खाली उतरविणाऱ्या पाळण्यात एका वेळी थोडकेच इसम मावतात, त्यामुळे अध्यक्षांसोबत हारवाले, छायाचित्रकार आणि स्वीय सहायक ही सर्व फौज उतरू शकत नाही. आणि पाण्यात पाय, भोवती चुन्याची पुटे चढलेल्या भिंती, डोक्यावर आभाळाचा थाळीएवढा तुकडा अशा स्थितीत उभ्या राहिलेल्या मनुष्याची वाणी आपोआप संक्षिप्त होते, हा या स्थापत्याचा एक गुण इतिहासकारांनी अद्याप ध्यानात घेतलेला दिसत नाही.

वर आल्यावर मंडळीस चालते करावे, आणि तेही शहराकडे नव्हे, डोंगराकडे. कुंड्यांची रांग धरून चढत जाताना कोणत्या कुंडीत कचरा पडला आहे, कोणत्या कुंडीच्या उशाशी कूपनलिका खोदली आहे, कोठे पावसाचे पाणी मुरावयाचे ते सिमेंटने अडविले आहे, याची फर्द मुलांकडून लिहवून घ्यावी. प्रौढ मंडळी शेजाऱ्याची नळी लिहिताना तत्पर आणि स्वतःची लिहिताना विस्मरणशील असतात. केळीविषयी मात्र जपून बोलावे. श्रोत्यांपैकी कित्येकांची चूल तिच्यावर चालते, आणि ज्या पिकाने घराला माडी चढविली ते तहानलेले आहे असे परगावच्या पाहुण्याने सांगितलेले कोणासही रुचत नाही. तेव्हा काही न सांगता बागाईतदारासच विचारावे की, वडिलांची विहीर किती हात होती आणि आपली नळी किती फूट गेली. हातांचे फूट करून वजाबाकी तो मनातल्या मनात करतो.

सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे-वाळूचा जो पट्टा आहे, ज्यास भूजलतज्ज्ञ बझाडा म्हणतात, तेथे डोंगरातून खळाळत आलेले नाले पात्रातच गडप होतात. मुख्य प्रात्यक्षिक येथे करावे. प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते जलपूजनाचा कलश या गोट्यांवर ओतवावा. छायाचित्रकाराचे यंत्र सज्ज होण्याच्या आत पाणी दिसेनासे होईल, तो ‘साहेब, पुन्हा एकदा’ म्हणेल, पाहुणे पुन्हा ओततील, आणि पुन्हा तेच घडेल. हा प्रयोग कलश संपेपर्यंत चालू द्यावा. त्यानंतर तितकेच पाणी शेजारच्या काळ्या, तुडवलेल्या वाटेवर ओतून ते कसे तोंड फिरवून वाहून जाते हेही दाखवावे. भुसभुशीत उतार कोठे राखावा व बांध कोठे घालावा यावर मग निराळे प्रवचन लागत नाही.

निमंत्रणे सीमेपलीकडे महाराष्ट्रातील रावेरकडेही धाडावीत. १० मे २०२५ रोजी भोपाळात मध्य प्रदेश व महाराष्ट्र या दोन सरकारांनी तापी खोऱ्यातील महापुनर्भरण योजनेच्या करारावर सह्या केल्या, पण दोन्हीकडच्या शेतकऱ्यांनी एका सतरंजीवर बसण्याची तजवीज त्या कागदात असावयाची नसते. ती मंडळासच करावी लागते. भाषेची अडचण येणार नाही. हिंदीत सुरू झालेली तक्रार येथे मराठीतून वाढत जाते व खानदेशीत मिटते. अल्पोपाहारास मावा जिलेबी व दराबा असावा, आणि पिण्याचे पाणी माठातले. पाणलोटाच्या मेळाव्यात हिमालयाचे चित्र छापलेल्या बाटल्या वाटणाऱ्या इसमाकडून पुढील वर्षी वर्गणीखेरीज काहीही स्वीकारू नये.

आभारप्रदर्शनात अध्यक्ष, मंडपवाले, ध्वनिक्षेपकवाले यांच्या आधी डोंगराकडील ज्या शेतकऱ्याने आपला बांध धरून ठेवल्यामुळे खालच्यांच्या वाट्यास ओल येते, त्याचे नाव घ्यावे. त्यास बोलावण्याचे बहुधा राहून गेलेले असते. म्हणून हे कलम पत्रिका छापावयास देण्यापूर्वीच वाचून घ्यावे.