अथ ताटोत्थापनविधी

साहित्य: मूल एक (दोन असल्यास भांडणाची वेगळी तयारी ठेवावी), आई एक, आणि आजी असल्यास उत्तम, म्हणजे काम होणारच नाही याची खात्री राहते. बाबा ऐच्छिक.

आधी मुहूर्त. दीड-दोन वर्षांचे मूल आपण होऊन केरसुणी ओढत घरभर हिंडते, पोळपाटाशी येऊन कणकेचा गोळा मागते, पुसलेली फरशी पुन्हा पुसते. या वयात त्याला कामापासून कटाक्षाने लांब ठेवावे. केरसुणी काढून घ्यावी, 'शी, घाण आहे ती' म्हणावे, आणि बदल्यात प्लास्टिकची भातुकली आणून द्यावी, जिच्यात खोट्या गॅसवर खोटा टोमॅटो परततात. एवढी काळजी दहा-बारा वर्षे घेतली की एके दिवशी 'एवढा घोडा झालास, स्वतःचं ताट उचलता येत नाही?' या वाक्याने शिक्षणाचा विधिवत प्रारंभ करता येतो.

मधली वर्षे वापरावीत असा विचार काही उतावळे पालक करतात. पण आपल्याकडे मूल कायम कुठल्या ना कुठल्या महत्त्वाच्या वर्षात असते. स्कॉलरशिपचे वर्ष महत्त्वाचे. (ती चौथीला घ्यायची की पाचवीला, हे सरकार बदलत असते, महत्त्व बदलत नाही.) आठवी म्हणजे नववीचा पाया, नववी म्हणजे दहावीची तयारी, आणि दहावी म्हणजे दहावीच. बारावीच्या मुलाच्या हातात तर पाण्याचा पेलासुद्धा आणून द्यावा लागतो. स्वयंपाकघरापर्यंत चालत जाण्यात सीईटीचे मार्क जातात. तरीही कुणी आईने हिय्या करून लसणीचा गड्डा मुलासमोर ठेवलाच, तर आजी आहेच. 'राहू दे गं, अभ्यास करतोय तो' हा निकाल अंतिम असतो. तो त्या वेळी क्रिकेट बघत असला तरी निकालात फरक पडत नाही.

आता सूचना कशी द्यावी ते पाहू. सूचना कधीही पूर्ण देऊ नये. 'अरे, ते तिथलं ते जरा तिकडे ठेव' ही आदर्श सूचना होय. मुलाने 'कुठलं?' विचारल्यास 'डोळ्यांसमोर आहे!' म्हणावे. 'कुठे?' विचारल्यास सुस्कारा सोडून 'जाऊ दे, मीच करते' म्हणावे. मराठी घरात मुलाच्या कानावर हे वाक्य शुभंकरोतीच्या आधी पडते. कुकरच्या बाबतीत आणखी काटेकोर राहावे. आंघोळीला जाताना बाहेरून ओरडावे, 'तीन झाल्या की बंद कर रे!' आणि न्हाणीघरातून ओरडावे, 'किती झाल्या?' आतल्या खोलीतून 'कशाच्या?' असे उत्तर आले, म्हणजे शिक्षण योग्य मार्गावर आहे.

प्रात्यक्षिकासाठी मेथीची जुडी घ्यावी. पालेभाजीत शिकवण्याजोगे पुष्कळ असते, म्हणून ती निवडली. जमिनीवर जुना पेपर पसरून त्यावर जुडी सोडावी. मुळांची माती पेपरावर कमी आणि मुलाच्या पँटीवर जास्त पडते, ते चालू द्यावे. आता मूल एकेक पान वेगळे खुडू लागते. नखाने, दागिने घडवावेत तसे. पाव तासात पाच-सहा काड्या होतात. मग गवताचे एक पाते सापडते आणि ही मेथी आहे की नाही यावर विचारविनिमय होतो. मग एक हिरवी अळी निघते. अळीनंतर मेथी मागे पडते. अळीला काडेपेटीत ठेवले जाते, तिच्यासाठी मेथीची कोवळीतली कोवळी पाने मात्र अचूक निवडली जातात. तासाभराने आईने यावे, टाकलेल्या ढिगात हात घालावा आणि म्हणावे, 'अरे, कोवळे देठ सगळे टाकलेस की! आणि ही पिवळी पानं इकडे कशी?' मग मुलाच्या डोळ्यांदेखत दोन्ही ढीग पुन्हा निवडावेत. पाठ फिरल्यावर निवडले तर शैक्षणिक परिणाम साधत नाही.

कपड्यांच्या घड्या, पुसलेला ओटा, झटकून वाळत घातलेला टॉवेल, सगळीकडे हीच पद्धत वापरावी: त्याने करावे, आपण त्याच्यासमोर मोडून पुन्हा करावे. मूल बुद्धिमान असल्यास (आपले असतेच) त्याला दोन गोष्टी लगेच कळतात. एक, आपण कसेही केले तरी ते पुन्हा होणारच आहे. दोन, पुरेसे वाईट केले तर पुढच्या वेळी कुणी सांगणारच नाही. हे शोध मूल एकट्याने लावते असे नाही. घरातल्या एका ज्येष्ठ सदस्याचा या विषयात दांडगा अनुभव असतो. त्यांना एकदाच भाजी आणायला पाठवले होते, तेव्हा त्यांनी जून भेंडी आणली.

इथे कुणीतरी साने गुरुजींचे उदाहरण देईल. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवत असताना छात्रालयात गुरुजी मुलांच्या खोल्या न बोलता झाडून ठेवत, पसारा आवरत, त्यांचे कपडे धुवून टाकत. मुले ओशाळली आणि आपापली कामे करू लागली. ही पद्धत घरी वापरू नये. माझ्या माहितीतल्या कितीतरी आया ती अठरा-अठरा वर्षे चिकाटीने राबवत आहेत, अद्याप कुणीही ओशाळलेले नाही. हे असे का, याचा मी बराच विचार केला. गुरुजींनी खोली झाडली की मुलांना आश्चर्य वाटत असे, कारण झाडणे हे गुरुजींचे काम नव्हते. आईने झाडले की कसले आले आहे आश्चर्य? त्यामुळे प्रयोग करायचाच झाला तर केरसुणी बाबांच्या हाती द्यावी. मूल निश्चित दचकेल. ओशाळेल की फोटो काढेल, हे घराघरावर आहे.

बाबांचा विषय निघालाच आहे तर थोडे आकडे. २०१९ साली राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशभर लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात याची पाहणी केली. सहा वर्षे आणि त्यापुढची माणसे तिच्यात धरली होती. म्हणजे सहाव्या वर्षी माणूस घरकामाच्या हिशेबात येतो असे सरकारला वाटते, आपल्याला वाटत नाही. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या निघाल्या बायकांतल्या ८१ टक्के आणि पुरुषांतले २६ टक्के. करणाऱ्यांपैकी बाईचा दिवसाचा वेळ सरासरी २९९ मिनिटे, पुरुषाचा ९७. हे २६ टक्के पुरुष कोणत्या घरांत वाढले ते शोधून काढायला हवे. त्यांच्या शिक्षणात कुठेतरी ढिलाई झालेली आहे.

त्याच वर्षी बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात आई आणि बाबा दोघे मिळून भाजी निवडत असल्याचे चित्र छापले. बाका प्रसंग होता. पण महाराष्ट्राचे लक्ष सुदैवाने दुसरीच्याच गणिताच्या पुस्तकाकडे होते. त्रेसष्ट म्हणायचे की साठ तीन, यावरून शिक्षक, पालक, साहित्यिक सगळे हातघाईवर आले, विषय विधानसभेपर्यंत गेला. भाजी निवडणारे बाबा तेवढ्या गडबडीत बिनबोभाट दुसरी पास झाले.

मुलगा आणि मुलगी यांचे प्रशिक्षण वेगवेगळे असते, हे सांगायला नकोच. मुलाने पहिल्यांदा चहा केला की फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकावा. त्यात मामाने अंगठा, आत्याने हृदय आणि नागपूरच्या काकांनी 'होतकरू' असे लिहावे. चहात साखर नसली तरी तो सर्वांनी संपवावा. त्याच वयाच्या मुलीने चहा केला तर एक घोट घेऊन म्हणावे, 'आलं जरा कमी पडलं. आणि गाळणं तसंच ठेवलंस का?'

आधुनिक पालकांसाठी बक्षीस योजना आहे. फ्रिजवर तक्ता लावावा: ताट उचलल्यास एक चांदणी, भांडी जाळीतून काढून लावल्यास दोन, दहा चांदण्यांना पिझ्झा. पहिला आठवडा घर लखलखते. मग 'आजीला पाणी दिलं, त्याचे किती?' असा प्रश्न येतो. मग दरवाढीची मागणी, मग महागाई भत्ता. हुशार मूल लवकरच कंत्राटदार होते: दोन चांदण्यांचे काम घेऊन धाकट्या बहिणीला एका चांदणीत देते आणि पिझ्झा स्वतः खाते. हे घरकामाचे शिक्षण नसले तरी पुण्या-मुंबईत पुढे बरेच उपयोगी पडते.

एक अडचण मात्र राहते. भांडी घासायला येणाऱ्या मावशी एखाद्या दिवशी आजारी पडतात आणि त्यांच्याऐवजी त्यांची मुलगी येते. ती आपल्या मुलाच्याच वयाची असते, तिचीही दहावी असते. अर्ध्या तासात ती खरकटे काढते, भांडी घासून पालथी घालते, ओटा पुसते, फडके पिळून वाळत टाकते. त्या वेळी आपल्या मुलाला दुसऱ्या खोलीत बसवावे आणि दार लावून घ्यावे. त्याने तिला पाहिले तर ते काहीतरी विचारेल, आणि त्याचे उत्तर या पुस्तिकेत दिलेले नाही.

आता शेवटचा टप्पा: शीघ्र अभ्यासक्रम. बाहेरच्या, समजा जर्मनीतल्या, विद्यापीठाचे पत्र आले, व्हिसा झाला, की घराला अचानक जाग येते. तीन लिटरचा कुकर विकत आणला जातो. गोडा मसाला, भाजणी, मेतकूट यांच्या पुड्या बांधल्या जातात आणि बॅग २३ किलोंच्या वर जाते म्हणून दोनदा सोडल्या जातात. निघायला आठ दिवस उरलेले असताना त्या मुलाला प्रथमच सांगितले जाते की तांदूळ धुवायचे असतात. तो वहीत लिहून घेतो. 'तांदूळ धुणे. किती वेळा? पाणी पांढरं यायचं थांबेपर्यंत.' आठ दिवसांत तो वरण, भात, पोहे, बटाट्याची भाजी शिकतो. अठरा वर्षे जे जमले नाही ते जमते, कारण विमान चुकवता येत नाही.

जर्मनीत पहिल्या रविवारी तो फोडणी करतो. धुराने गजर वाजतो, शेजारचा कोरियन मुलगा दारात येतो, खिडकी आधी उघडायची हा धडा मिळतो. पुढच्या रविवारी व्हिडिओ कॉल. फोन डब्याला टेकवून उभा केलेला. आई इकडून ओरडत असते, 'मोहरी तडतडू दे आधी! हळद आत्ता नको! गॅस बारीक कर! अरे थांब, जाऊ दे, मीच...' आणि तिचा हात स्क्रीनपर्यंत जातो. तिकडे वरणाला चर्र आवाज येतो. कढीपत्ता नाही, हिंग जरा जास्त, पण वरण होते. तो ते खातो, आणि कुणी न सांगता ताट उचलून बेसिनकडे नेतो.

इतक्यात बाहेरच्या खोलीतून विचारणा होते, 'काय म्हणतोय? जेवला का? बरं, चहा टाकतेस जरा?'

बाबांनाही अशा एखाद्या विद्यापीठात धाडता येईल का, अशी चौकशी काही मातांनी केली आहे. वयाची अट नाही असे कळते. पण कुकर स्वतःच लावावा लागतो, हे वाचल्यावर आपले इथेच बरे चालले असल्याचे बाबांनी कळवले आहे.