थ्रीडीचं सोवळं कसं पाळावं

थ्रीडी सिनेमा बघणं कुणालाही जमतं. चष्मा नाकावर चढवायचा आणि समोर बघत बसायचं. सिनेमा सुटल्यावर, पार्किंगमध्ये गाडी सापडायच्या आत, ‘बरा होता, पण नेटिव्ह नव्हता, कन्व्हर्टेड होता’ असं म्हणून बरोबरच्यांच्या आनंदावर विरजण घालणं मात्र साधनेवाचून जमत नाही. प्रस्तुत मार्गदर्शन अशा होतकरू साधकांसाठी आहे. प्रयोग भाचरं, मेहुणे आणि ऑफिसातले सहकारी यांच्यावर करावेत. सासऱ्यांवर करू नयेत. बहुधा तिकिटं त्यांनीच काढलेली असतात.

सिद्धान्त आधी पाठ करून ठेवावा. माणसाच्या दोन डोळ्यांत साधारण साडेसहा सेंटिमीटरचं अंतर असतं. त्यामुळे दोघांना जग किंचित वेगवेगळं दिसतं आणि त्या फरकावरून मेंदू खोली काढतो. चार्ल्स व्हीटस्टन यांनी हे १८३८ मध्ये मांडलं. नेटिव्ह थ्रीडी म्हणजे चित्रीकरणाच्या वेळीच दोन डोळ्यांसाठी दोन कॅमेरे लावायचे. कन्व्हर्टेड म्हणजे एकाच कॅमेऱ्यानं नेहमीसारखा सिनेमा काढायचा आणि दुसऱ्या डोळ्याला काय दिसलं असतं ते नंतर कॉम्प्युटरसमोर बसून बनवायचं. इथपर्यंत सांगून थांबावं. व्हीटस्टनच्या पुढे गेलात की समोरचा मोबाइल काढतो.

आता परीक्षा. सर्वांत लोकप्रिय परीक्षा चष्मा काढून बघण्याची. लग्नाच्या बस्त्यात पैठणीचा पदर उलटा करून ‘ही सेमी आहे’ असा निकाल देणाऱ्या मावशी ज्या अधिकारानं पदराला हात घालतात, त्या अधिकारानं चष्म्याला हात घालावा. सिनेमा सुरू होऊन दहाएक मिनिटं झाली, की चष्मा सावकाश उतरवायचा, डोळे बारीक करायचे आणि पडद्याकडे बघायचं. चित्र दुहेरी दिसलं तर ‘नेटिव्ह’ म्हणून मान हलवायची, जवळपास स्वच्छ दिसलं तर नाकानं हुंकार द्यायचा. मावशींची परीक्षा खरी असते, कारण हातमागावरच्या पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी येते. आपली तशी नाही. चष्म्याविना दुहेरी दिसतं ते दोन चित्रांतल्या फरकामुळे, आणि तो किती ठेवायचा हे दिग्दर्शक ठरवतो. बघणाऱ्याच्या डोळ्यांना ताण पडू नये म्हणून अस्सल दोन कॅमेऱ्यांच्या सिनेमातही बोलणाऱ्याचा चेहरा पडद्याच्या पातळीवर आणून ठेवतात. तिथे चष्मा काढला तरी चेहरा धड दिसतो. पण शेजारच्यांनी आपल्याला चष्मा काढताना पाहिलेलं असतं, आणि परीक्षेचा मुख्य हेतू तोच.

मध्यंतरात एक जोडप्रयोग करता येतो. चष्मा लावूनच प्रसाधनगृहात जावं, आरशासमोर उभं राहावं आणि एक डोळा मिटावा. आपल्याकडच्या बऱ्याच मल्टिप्लेक्समध्ये असतो तो वर्तुळाकार ध्रुवीकरणाचा चष्मा असेल, तर उघड्या डोळ्यापुढची काच आरशात काळी ठिक्कर दिसते आणि मिटलेला डोळा मात्र व्यवस्थित दिसतो. कारण आरशावर आपटून परत येताना प्रकाशाचा पीळ उलटा होतो आणि ज्या काचेतून तो बाहेर पडला, तीच काच त्याला आत घेत नाही. यातून सिनेमाबद्दल काहीच कळत नाही. हात धुवायला आलेली माणसं मात्र सावरून उभी राहतात.

खरोखर पारख करायची असेल, तर केस, काच आणि धूर बघावेत. कन्व्हर्जनमध्ये प्रत्येक फ्रेममधल्या प्रत्येक वस्तूची कड हातानं आखतात. त्याला रोटो म्हणतात. मग कोण पुढे, कोण मागे, नाक गालापेक्षा किती पुढे, हे एकेक ठरवतात. वस्तू बाजूला सरकली की तिच्यामागे भोक पडतं, कारण तिथे काय होतं ते एका कॅमेऱ्यानं पाहिलेलंच नसतं. ते भोक रंगवून बुजवायचं. नायिकेची एक बट वाऱ्यावर उडत असेल, तर तिच्या प्रत्येक केसाची कड कोण आखणार? घाईच्या कामात ती बट मागच्या डोंगरासकट पुढे येते. गाडीच्या काचेचं तर विचारूच नका. काचेतून ड्रायव्हर दिसतो आणि काचेवर झाडांचं प्रतिबिंबही दिसतं. दोन्हींची खोली वेगवेगळी असते आणि दोन्ही एकमेकांत मिसळलेली असतात. आळसात केलेल्या कामात झाडं ड्रायव्हरच्या कपाळावर उगवतात. चकाकत्या भांड्यावरचा प्रकाशाचा ठिपका दोन डोळ्यांना दोन ठिकाणी दिसायला हवा. कन्व्हर्जनमध्ये मुद्दाम मेहनत घेतली नाही, तर तो एकाच जागी चिकटून बसतो आणि पितळ प्लास्टिक वाटू लागतं.

उदाहरण मागितलं, तर डोळे मिटून ‘क्लॅश ऑफ द टायटन्स’ म्हणावं. जेम्स कॅमेरॉन यांचा ‘अवतार’ डिसेंबर २००९ मध्ये आला, थ्रीडीच्या तिकिटांवर पैसा कोसळला आणि स्टुडिओवाल्यांना रातोरात तिसरी मिती आठवली. साधा म्हणून चित्रित झालेला ‘क्लॅश’ जेमतेम दहा आठवड्यांत थ्रीडी करून एप्रिल २०१० मध्ये पडद्यावर आणला. देव आणि योद्धे पुठ्ठ्यातून कापून एकामागे एक उभे केल्यासारखे दिसतात, अशी सर्वत्र ओरड झाली. दिग्दर्शक लुई लेतेरिए यांनीसुद्धा पुढे त्या कन्व्हर्जनला जाहीरपणे नावं ठेवली. जगभरात सिनेमानं सुमारे ४९ कोटी डॉलर कमावले, हा भाग साधकानं सांगू नये. ते कन्व्हर्जन मुंबईच्या ‘प्राइम फोकस’नं केलं होतं, हे सांगायचं की नाही ते समोरचा कुठे राहतो त्यावर ठरवावं.

इथवर सगळं सोपं आहे. पुढे साधकाला तीन-चार खड्डे लागतात आणि ते आधीच माहीत असलेले बरे.

पहिला खड्डा खुद्द कॅमेरॉन. घाईच्या कन्व्हर्जनवर ज्यांनी सर्वांत जास्त तोंडसुख घेतलं, त्यांत ते अग्रभागी. त्याच कॅमेरॉन यांनी आपला १९९७ चा ‘टायटॅनिक’ २०१२ मध्ये, बोट बुडाल्याच्या शताब्दीला, कन्व्हर्ट करून आणला. साठ आठवडे लागले आणि १ कोटी ८० लाख डॉलर खर्च आला. आणि ते कन्व्हर्जन चांगलं होतं. बोटीच्या लांबच लांब डेकला खोली होती, माणसांना पाठ-पोट होतं. म्हणजे दहा आठवडे आणि साठ आठवडे यांत जे अंतर आहे, ते नेटिव्ह-कन्व्हर्टेड या अंतरापेक्षा मोठं. हे वाक्य चारचौघांत उच्चारलं, तर आपली निम्मी विद्या तिथेच संपते. म्हणून विषय बदलावा.

बदलून ‘ग्रॅव्हिटी’वर मात्र येऊ नये. २०१३ चा हा सिनेमा थ्रीडीतच बघायला हवा असं जगभर लोक सांगत होते, आणि अंतराळाचं ते भय चष्म्याविना निम्मंही उरत नाही, हे माझंही मत. सिनेमाला सात ऑस्कर मिळाली, त्यांत छायाचित्रणाचंही होतं. आणि सँड्रा बुलक यांचा चेहरा एकाच कॅमेऱ्यानं टिपून नंतर थ्रीडी केलेला होता. त्या चेहऱ्यावरचं हेल्मेट, हेल्मेटची काच, मागची पृथ्वी हे बहुतेक सगळं कॉम्प्युटरवर जन्मलेलं. मग नेटिव्ह काय आणि कन्व्हर्टेड काय? दिग्दर्शक अल्फोन्सो क्वारोन यांनी पहिल्यापासून थ्रीडी धरूनच आखणी केली होती; कॅमेरा किती वेळ न कापता फिरवायचा, जवळचं काय ठेवायचं, याचा विचार झालेला होता. कन्व्हर्जनचं मोठं काम कुणी केलं म्हणाल, तर पुन्हा ‘प्राइम फोकस’नंच. तीन वर्षांपूर्वी ज्यांच्या नावानं बोटं मोडली, त्यांनीच! वेळ दिला, योजना दिली, की त्याच माणसांच्या हातून असं काम होतं. साधकानं हे मनातल्या मनात ठेवावं.

दुसरीकडे नेटिव्ह म्हणजे गंगाजल, हा समज टिकवणंही अवघड आहे. मोठे सिनेकॅमेरे दोन डोळ्यांएवढ्या अंतरावर शेजारी शेजारी मावतच नाहीत. मग पंचेचाळीस अंशात एक अर्धपारदर्शक आरसा लावतात. एक कॅमेरा त्यातून आरपार बघतो, दुसरा त्यावरचं प्रतिबिंब बघतो. प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा प्रकाश येतो. शिवाय आरशावरून परावर्तित होणारा प्रकाश आणि आरपार जाणारा प्रकाश सारखा नसतो, त्यामुळे ओल्या रस्त्यावरची किंवा गाडीच्या काचेवरची चमक एका डोळ्याला दिसते आणि दुसऱ्याला दिसत नाही. दोन कॅमेरे केसभर वरखाली झाले तरी बघणाऱ्याचं कपाळ ठणकतं. हे सगळं नंतर कॉम्प्युटरवरच निस्तरावं लागतं. ‘ट्रान्सफॉर्मर्स’च्या २०११ च्या भागात तर काही शॉट दोन कॅमेऱ्यांचे आणि काही कन्व्हर्ट केलेले, असे सुखानं एकत्र नांदतात.

अर्थात नेटिव्हच्या बाजूनं लढायला दारूगोळा आहे. मार्टिन स्कोर्सेसींचा ‘ह्यूगो’ आणि अँग ली यांचा ‘लाइफ ऑफ पाय’ या दोघांनाही छायाचित्रणाचं ऑस्कर मिळालं, आणि दोन्ही दोन कॅमेऱ्यांनी काढलेले. ‘ह्यूगो’मधल्या स्टेशनात हवेत तरंगणारी धूळ बघितली, की कन्व्हर्जनवाल्यांचे हात कुठे थिटे पडतात ते कळतं, कण आणि कण आपापल्या जागी असतो. तेवढं सांगावं, आणि शेवटचा बाण राखून ठेवावा: १९५३ चा गाजलेला अमेरिकी थ्रीडी सिनेमा ‘हाउस ऑफ वॅक्स’ ज्यांनी दिग्दर्शित केला, त्या आंद्रे द तोथ यांना एकच डोळा होता. स्वतःच्या सिनेमातली खोली त्यांना कधीच दिसली नाही. हा बाण कुठल्या बाजूनं सोडायचा ते मला अजून ठरवता आलेलं नाही, पण तो लागतो हे नक्की.

देशी मंडळींशी वाद घालताना जपून. पन्नाशीतला माणूस लगेच ‘छोटा चेतन’ काढतो. तो मुळात ‘माय डिअर कुट्टिचातन’, १९८४ चा मल्याळी सिनेमा, भारतातला पहिला थ्रीडी, आणि थ्रीडीतच चित्रित केलेला. तेव्हा इथे मान तुकवावी. मराठीत थ्रीडीची सुरुवात तात्या विंचूनं केली, २०१३ च्या ‘झपाटलेला २’मध्ये, बाहुल्याच्या अस्सलपणावर चर्चा नको. ‘शोले’ मात्र जानेवारी २०१४ मध्ये कन्व्हर्ट होऊन आला, आणि सोवळ्याचा खरा कस तिथे लागतो. १९७५ चा सिनेमा नेटिव्ह थ्रीडीत हवा असेल, तर अमजद खान यांना परत बोलावावं लागेल. जुन्या सिनेमाला दुसरा मार्गच नाही, एवढं कबूल करून चहा मागवावा.

एक गोष्ट साधक कधीच बोलत नाहीत, कारण त्यात विद्वत्ता दिसत नाही: दिवा. साध्या सिनेमासाठी पडद्यावर १४ फूट-लँबर्ट एवढा उजेड असावा, असा चित्रपटगृहांचा दंडक आहे. थ्रीडीत प्रोजेक्टरपुढची यंत्रणा आणि नाकावरचा चष्मा मिळून यातला बराचसा खाऊन टाकतात. अनेक ठिकाणी डोळ्यांपर्यंत तिसरा हिस्साच पोचतो, आणि दिवा जुना असेल तर तेवढाही नाही. रात्रीचा प्रसंग आला, की नायक कुठे आणि भिंत कुठे ते कळत नाही. त्यात चंदेरी पडदा मधल्या खुर्च्यांना जास्त उजेड देतो आणि कडेच्यांना कमी. चष्म्यावर आधीच्या शोमधल्या कुणाच्या तरी पॉपकॉर्नचा अंगठा असतो. अशा अवस्थेत नेटिव्ह आणि कन्व्हर्टेडमधला फरक ओळखणाऱ्याला साष्टांग नमस्कार. सिनेमा कुठल्या जातीचा हे विचारण्याआधी मधल्या रांगेतलं मधलं तिकीट काढावं आणि चष्मा सदऱ्याच्या टोकानं पुसावा. बहुतेकांचं थ्रीडी तेवढ्यानंच सुधारतं.

शेवटची सूचना महत्त्वाची. सिनेमा संपला, की श्रेयनामावली सुरू व्हायच्या आत उठावं. कन्व्हर्जनची नावं शेवटी येतात आणि शेकड्यांनी येतात, आणि त्यांत पाटील, जाधव, कुलकर्णी अशी रांगच लागते. ‘स्टिरिओ-डी’ आणि ‘लेजंड थ्रीडी’ या अमेरिकी कंपन्यांनी पुण्यात स्टुडिओ थाटले होते. हॉलिवूडच्या कित्येक नायकांच्या दाढ्या रात्रपाळीत पुण्यातच आखल्या गेल्या. तुमच्याच सोसायटीतला एखादा मुलगा तीन आठवडे एका भुवईवर बसलेला असू शकतो. तो लिफ्टमध्ये भेटून ‘काका, नेमका कुठला शॉट खोटा वाटला?’ असं विचारू शकतो. अशा वेळी थिएटरचा दिवा मंद होता म्हणावं. तो बहुधा असतोच.