पाट्या बदलणे आहे

जुलै २०१२ मध्ये लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाला दिग्दर्शक डॅनी बॉइल यांनी मैदानात दवाखान्याच्या खाटा आणल्या. खाटांवर पोरं उड्या मारत होती, भोवती नर्सेस नाचत होत्या. एनएचएसचा, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचा, काय तो थाट! त्याच्या चारच महिने आधी आरोग्यमंत्री अँड्र्यू लॅन्सली यांनी इंग्लंडातल्या याच एनएचएसची उलथापालथ करणारा कायदा मंजूर करून घेतला होता. हा बदल अवकाशातूनही दिसेल, असं खुद्द एनएचएसचे प्रमुखच म्हणाले होते. दिसलाही असेल. रांगेतल्या रुग्णाला मात्र दिसला नाही.

१९४८ साली ही सेवा उभी करणारे अनायरिन बेव्हन मूळचे खाणकामगार. तीन वर्षांत स्वपक्षाच्याच सरकारने कवळी आणि चष्म्याला पैसे लावायचं ठरवलं, तेव्हा गड्याने मंत्रिपद फेकलं. पुढच्यांना राजीनाम्यापेक्षा पुनर्रचना सोपी वाटली. १९७४, १९८२ अशा फेऱ्या झाल्या. १९९१ मध्ये अर्ध्या एनएचएसने उरलेल्या अर्ध्या एनएचएसकडून सेवा विकत घ्यायची, असा अंतर्गत बाजार मांडला गेला. २००२ पर्यंत सगळीकडे प्रायमरी केअर ट्रस्ट आले. लॅन्सलींनी ते मोडून डॉक्टरांचे गट केले आणि राजकारण्यांची लुडबुड नको म्हणून वर ‘एनएचएस इंग्लंड’ बसवलं. २०२२ मध्ये गट गेले, ४२ मंडळं आली. मार्च २०२५ मध्ये पंतप्रधान स्टार्मर यांनी ‘एनएचएस इंग्लंड’च बरखास्त करायचं जाहीर केलं. कारण? नोकरशाही कमी करायची! लॅन्सलींनीही हेच सांगितलं होतं. तेव्हा पंचवीसेक लाखांची असलेली प्रतीक्षायादी आता ७० लाखांवर आहे. कोविडचा वाटा त्यात मोठा, हे मान्य. पण तो यायच्या आधीच ती ४० लाख ओलांडून गेली होती.

याउलट जर्मनीत १८८३ मध्ये चॅन्सेलर बिस्मार्कने समाजवाद्यांच्या शिडातली हवा काढायला आजारविमा आणला. हेतू काही फार उदात्त नव्हता. सांगाडा मात्र दोन महायुद्धं पचवून अजून उभा आहे. लोकांना आपला विमानिधी निवडायची मुभा १९९६ पासून मिळाली आणि नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला हजारावर असलेले निधी एकमेकांत विलीन होत शंभराच्या आत आले. कुरकुर तिथेही आहे, पण दर निवडणुकीनंतर पाया खणत नाहीत.

लॅन्सलींच्या फेरबदलात ज्यांना भरपाईसकट नारळ मिळाला, त्यांतल्या जवळपास चार हजार जणांना एनएचएसने नंतर पुन्हा कामावर घेतलं. या वेळीही नारळ निघाले आहेत.