बॉनेट उघडण्याआधी

कुर्ल्याच्या कारखान्यातून शेवटची प्रीमियर पद्मिनी २००० च्या सुमारास बाहेर पडली. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून उतरल्या. साताऱ्याच्या या गॅरेजात या बातम्या पोचल्या असतील, पण मिस्त्रींनी त्या मनावर घेतलेल्या नाहीत. त्यांच्या दारात आजही एखादी पद्मिनी डोकं उतरवून उभी असते आणि तिचा मालक शेजारच्या टायरवर बसलेला असतो.

मिस्त्री आधी मालकाला तपासतात, मग गाडीला. मालक घडाघडा सांगत असतो: पिकअप नाही, मिसिंग मारते, रेडिएटरमधलं पाणी कुठं जातं कळत नाही. मिस्त्री तंबाखू मळत ऐकतात. मग चिमूट दाढेखाली जाते आणि पहिला सवाल येतो.

"सकाळी चालू केली की निळा धूर येतो? थोडा वेळ?"

"येतो."

"आणि खंबाटकी उतरून खाली आल्यावर ॲक्सिलरेटर दिला की?"

मालक आ वासतो. खरं तर यात अंगारा-धुपारा काही नाही. व्हॉल्वची गाइडं झिजली की उतारावर ॲक्सिलरेटर सोडल्याबरोबर इंजिन त्या फटीतून तेल आत ओढतं आणि पायथ्याला ते जळून बाहेर पडतं. पण मिस्त्री हे सांगत नाहीत. ते नुसतं "हं" म्हणतात. त्या "हं"ची किंमत बिलात कळते.

मग हाताखालचा पोरगा बारक्या चारही प्लग काढतो, मिस्त्री गेज लावतात, बारक्या सेल्फ मारतो. पहिला आणि चौथा सिलिंडर सव्वाशेच्या पुढं, दुसरा-तिसरा साठीलाही पोचत नाहीत. मिस्त्री त्या दोघांत चमचा-चमचा ऑइल सोडून पुन्हा मोजतात. काटा हलत नाही, म्हणजे रिंगा निर्दोष सुटल्या. रिंगा गेल्या असत्या तर ऑइलनं फट बुजून आकडा चढला असता.

"शेजारी-शेजारी हायेत," मिस्त्री म्हणतात. "एकाचं दुसऱ्याच्या घरात चाललंय." म्हणजे दोघांमधलं गॅसकेट उडालंय. चाळीतली भानगड सांगावी तसं ते हे हळू आवाजात सांगतात.

हेड मात्र लगेच उतरत नाही. गरम इंजिनाच्या नटाला पाना लावणाऱ्याला मिस्त्री मेकॅनिक मानत नाहीत. "उद्या या." मालकाला संध्याकाळी लग्नाला जायचं असतं, ते त्यानं रिक्षानं जावं.

दुसऱ्या दिवशी हेड फडक्यावर पालथं असतं. मिस्त्री त्याच्यावर पोलादी पट्टी आडवी धरतात आणि खाली फिलर गेजची पात सरकवतात. सहा थाऊची पात मधोमध आरपार जाते. खाली ब्लॉक बिडाचा, वर हेड ॲल्युमिनियमचं. तापलं की हेड जास्त पसरू बघतं, नट पसरू देत नाहीत, मग ते बाक खातं. इथून चौकशीला खरा रंग चढतो.

"गाडी कोण चालवतं?"

"मीच."

"तुम्हीच?"

"म्हणजे... क्वचित जावई."

"पाणी उकळलं तवा कोण होतं?"

"जावई. पण त्यांनी लगेच बादलीभर गार पाणी ओतलं हं!"

मिस्त्री डोळे मिटतात. मग हेड उन्हात नेऊन कुठं तडा गेलाय का ते बराच वेळ बघतात. मालकाच्या घरातली माणसं त्यांना आजवर अशीच कळत आलेली आहेत.

फेसिंगला हेड ते एकटं पाठवत नाहीत, सोबत जातात. लेथवाला हात सैल सोडून घासतो, असा त्यांचा जुना आरोप. जास्त घासलं की वरची जागा कमी होते, कॉम्प्रेशन वाढतं आणि इंजिन चढाला ठोकायला लागतं. "वाकडं हाय तेवढंच घे" म्हणत ते मशीनपाशी उभे राहतात. लेथवालाही मुरलेला, तो रेडिओचा आवाज वाढवतो.

नवी गाइडं बसली की बारक्याची पाळी. ग्राइंडिंग पेस्ट लावून व्हॉल्व तळहातांत घुसळायचा, सीटवर करडी रेघ गोल अखंड उमटेपर्यंत. बारक्याला ती तिसऱ्या मिनिटालाच दिसते. मिस्त्रींना दिसत नाही. मग व्हॉल्व बसवून, प्लग लावून, उलट्या हेडात रॉकेल ओततात आणि ते जेवायला जातात. मालक रॉकेलकडे बघत बसतो. पोर्टमध्ये थेंब दिसला तर बारक्या पुन्हा घुसळायला.

नट मधून कडेकडे, तीन फेऱ्यांत आवळले जातात. गाडी पहिल्या सेल्फला उठते. मालक गहिवरून विचारतो, "आता किती वर्षं बघायला नको?"

"पाचशे किलोमीटर झाले की आणा. गॅसकेट बसलं की नट पुन्हा बघायचे, टॅपेट बघायचे."

"आणि तोवर?"

"तोवर जावईबापूंना एसटीनं पाठवा."