तपासनीस एआयसाहेबांस अनावृत पत्र

प्रति,
माननीय एआयसाहेब,
सुगम्यता तपासनीस, सर्व सरकारी संकेतस्थळे

विषय : दिव्यांगांना संकेतस्थळ वापरता येते, या आपल्या निर्वाळ्याबद्दल अभिनंदन

महोदय,

आपण सरकारी सेवेत रुजू झालात हे ऐकून आनंद झाला. चहा गार व्हायच्या आत हजार पानं तपासणारा आणि प्रवासभत्ता न मागणारा तपासनीस या राज्यानं अजून पाहिलेला नाही.

मी नागपूरच्या रामदासपेठेत राहतो. इथे दर दुसऱ्या पाटीवर डॉक्टर आहे, पण दिव्यांग प्रमाणपत्रासाठी मेडिकल-मेयोसारख्या सरकारी दवाखान्यातच जावं लागतं, आणि त्याआधी अर्ज ऑनलाइन. मला दिसत नाही, म्हणून मी मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर लावून संगणक कानानं वाचतो. परवा आपण हिरवी खूण दिलेलं एका खात्याचं पान ऐकायला बसलो.

ऐकू आली ती शांतता. मजकूर अस्सल मराठी, पण पानाच्या कोडमध्ये भाषा ‘इंग्रजी’ नोंदवलेली. स्क्रीन रीडरनं आज्ञाधारकपणे इंग्रजी आवाज लावला, देवनागरी येताच मौन धरलं आणि मध्येच ‘पीडीएफ’ एवढंच बोलला. भाषा नोंदवली आहे ना, एवढंच आपण बघता. ती खरी आहे का, हे विचारणं आपल्या कार्यकक्षेत नाही. रकाना भरलेला दिसला की सही! आपल्याला बढती मिळणार, हे मी लिहून देतो. चित्राला वर्णन हवं असा नियम आहे, तिथे ‘फोटो’ असं वर्णन होतं. पास. फीत कोण कापतंय हे मला नाही कळलं तरी चालेल हो, पण अर्जाची शेवटची तारीखही त्याच चित्रात होती.

मग पीडीएफ उघडली. ‘रिकामं पान,’ स्क्रीन रीडर म्हणाला. आदेशावर सही झाली, शिक्का बसला आणि कागद स्कॅन करून, म्हणजे अक्षरांचं नुसतं चित्र करून, चढवला गेला. संकेतस्थळावरचे दस्तऐवज ईपब किंवा ओसीआर केलेल्या, म्हणजे यंत्राला अक्षरं वाचता येतील अशा, पीडीएफमध्ये हवेत, असं दिव्यांग हक्क नियमांत 2017 पासून लिहिलेलं आहे. हा पंधरावा नियम नुसता शिफारशीवजा, म्हणून कायद्याशी विसंगत, असं सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रतुरी प्रकरणात ठरवलं आणि तीन महिन्यांत सक्तीचे नियम करा, असं केंद्राला बजावलं. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग, हे त्याच न्यायालयानं एप्रिल 2025 मध्ये सांगितलं. कागदोपत्री माझी चंगळ आहे. आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं, ही म्हण आमच्या माथी का मारली देव जाणे. इथे दळणारे सगळे डोळस आहेत.

आपल्यावर राग नाही. फिकट अक्षरं, बिननावाची बटणं आपण चुटकीसरशी पकडता. स्कॅनसुद्धा वाचून दाखवता, फक्त कधीतरी सहाचा नऊ होतो, तोही मोठ्या आत्मविश्वासानं. ब्रिटनच्या सरकारी डिजिटल सेवेनं 2017 साली मुद्दाम अडथळे पेरलेलं पान आपल्या पूर्वजांपुढे ठेवलं होतं. त्यांतल्या सर्वांत हुशारालाही सुमारे 40 टक्केच सापडले. अमेरिकेत एआयनं कोणतंही संकेतस्थळ नियमांत बसवून देतो म्हणणाऱ्या ॲक्सेसिबी कंपनीला या दाव्यापायी 2025 मध्ये 10 लाख डॉलर मोजावे लागले. सांभाळून असा.

एक विनंती आहे. हिरवी खूण देण्याआधी आमच्यापैकी कुणाला तरी मानधन देऊन बसवा आणि अर्ज पहिल्या रकान्यापासून पोचपावतीपर्यंत भरू द्या. शेवटी कॅप्चा येईल. तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करायला वेडीवाकडी अक्षरं ओळखा, असं तो मला सांगेल. ती मला दिसत नाहीत. आपल्याला सहज वाचता येतात. म्हणजे माणूस म्हणून अर्ज आपला जाईल, माझा अडकेल.

आपला,
रामदासपेठेतला एक अर्जदार

ता. क. : आपला तपासणी अहवाल संकेतस्थळावर लागल्याचं कळलं. तो स्कॅन केलेला आहे. कुणी वाचून दाखवला की सविस्तर उत्तर धाडतो.