बिनतारी वेगवृद्धीचा शास्त्रोक्त विधी
(सुरतवासी मराठी गृहस्थांसाठी)

दिंडोली, लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांतील ज्या कुटुंबांत व्हिडिओ कॉल सुरू असताना गावाकडच्या आजीचे तोंड उघडेच राहते आणि आवाज मागाहून येतो, त्यांनी हा विधी करावा. वराछा-कतारगामकरांनीही करण्यास हरकत नाही. लहरींना मराठी-गुजराती कळत नाही.

प्रथम नवा राऊटर आणावा. ‘दोडशे, भाई, दोडशे!’ असे दुकानदार म्हणेल. त्याला मान द्यावा, मात्र खोके वाचावे. ‘एएक्स ३०००’ असे छापलेले असल्यास हात जोडण्यापूर्वी हिशेब करावा: २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर ५७४, ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर २४०२, दोहोंची बेरीज २९७६, आणि वरचे २४ कंपनीच्या उत्साहाचे. हे सगळे मेगाबिट कागदावरचे. शिवाय लॅपटॉप एका वेळी एकाच पट्ट्यावर बसतो. रिंग रोडच्या मार्केटात कुणी साडी आणि धोतर यांची लांबी जोडून ‘चौदा वारी साडी’ म्हणून विकली असती, तर गिऱ्हाइकाने गादी उलटी केली असती. राऊटर आपण मुकाट घेतो.

स्थापना. राऊटर कुठे ठेवायचा हे घरमालक ठरवत नाही. केबलवाल्याची वायर जिथे संपते तिथे तो बसतो; म्हणजे सहसा गॅलरीच्या दाराशी, लोखंडी कपाटामागे. कपाटाचा पत्रा लहरी परतवतो, सिमेंटची भिंत त्या गिळते, आणि ५ गिगाहर्ट्झचा जोर भिंतीपुढे लवकर ओसरतो. म्हणून वायर वाढवून घ्यावी व राऊटर घराच्या मध्यभागी, उंचावर, उघड्यावर ठेवावा. तो शोभत नाही, अशी तक्रार स्वयंपाकघरातून येईल. येऊ द्यावी.

आता मुख्य यजमानाकडे, म्हणजे लॅपटॉपकडे वळावे. इथेच बहुतेक विधी बिघडतात, कारण नवा राऊटर आणणारे लोक जुन्या लॅपटॉपला काही विचारतच नाहीत. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क आणि इंटरनेट’, मग ‘वाय-फाय’, मग आपल्या जोडणीचे ‘प्रॉपर्टीज’ उघडावे. ‘प्रोटोकॉल’समोर वाय-फाय ४ दिसले, तर मन घट्ट करावे. ते मानक २००९ सालचे. वाय-फाय ६ चे प्रमाणपत्र २०१९ मध्ये सुरू झाले, ७ चे जानेवारी २०२४ मध्ये. चिरंजीवांच्या डिप्लोमासाठी घेतलेल्या लॅपटॉपला या घडामोडी कुणी कळवलेल्या नाहीत. त्यात एकाच अँटेनाचे, फक्त २.४ वर चालणारे कार्ड असेल, तर त्याच पानावर खाली ‘लिंक स्पीड’ ७२ दिसेल. तीन हजारांचा राऊटर बहात्तरवर येऊन गप्प बसतो, कारण जोडणीचा वेग दोघांतला कमजोर ठरवतो. प्रत्यक्षात हाती येते ते त्याहूनही कमी.

उपाय आहे. बऱ्याच लॅपटॉपांत वाय-फायचे कार्ड अंगठ्याच्या नखाहून थोडे मोठे, एका स्क्रूने बसवलेले असते आणि बदलता येते. काहींत ते पक्के झाळलेले असते, तिथे नाद सोडावा. इंटेलचे ‘एएक्स २१०’ मागावे. ‘तेवढ्याच पैशात २११ देतो’ असे दुकानदार म्हणाला तर मोहात पडू नये. ते इंटेलच्याच ठरावीक प्रोसेसरवर चालते. अँटेनाच्या दोन बारीक वायरी नखाने सरळ वर उचलाव्यात. ओढू नयेत. भाच्याला तर हात लावूच देऊ नये. लॅपटॉप उघडायची छाती नसेल, तर यूएसबीचा अडॅप्टर घ्यावा आणि तो यूएसबी ३ च्या भोकात घालावा. जुन्या यूएसबी २ ची धाव कागदावरही ४८० पर्यंतच.

दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावे द्यावीत, जसे ‘जय खान्देश’ आणि ‘जय खान्देश ५’. एकच नाव ठेवले तर लॅपटॉप सवयीने २.४ वर जाऊन बसतो. तिथे एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि बिल्डिंगमधली बिऱ्हाडे चाळीस. सुरक्षेत ‘टीकेआयपी’ निवडलेले असेल तर ते बदलून ‘एईएस’ करावे. नाहीतर गाडी ५४ च्या पुढे जात नाही.

एवढे झाल्यावर केबलवाल्याची पावती काढून वाचावी. प्लॅन ४० मेगाबिटचा असल्याचे तेव्हा कळते. महिधरपुऱ्यात कॅरटचे शंभर सेंट मोजणाऱ्यांनीही इथे आठाने भागावे: सेकंदाला पाच मेगाबाइट. प्लॅन वाढवावा, मगच कार्डाचा खर्च घरात सांगावा.

जुना राऊटर भंगारात देऊ नये. भुसावळच्या गाडीने गावी पाठवावा. काका तो धान्याच्या पत्र्याच्या कोठीवर ठेवतील. त्यांना फोनवर हाच विधी वाचून दाखवावा. ५ गिगाहर्ट्झचा भाग तेवढा गाळावा, त्या राऊटरला तो पट्टाच नाही.