शेणाच्या मागावर महिपाळगड

डिसेंबरात बेळगावकराच्या वाट्याला दोन गोष्टी ठरलेल्या: थंडी आणि अधिवेशन. थंडीचं कानटोपीवर भागतं. अधिवेशनाचं तसं नाही. कर्नाटकाचं विधिमंडळ हलग्याच्या सुवर्ण विधानसौधात उतरलं की लॉजमध्ये खोली मिळत नाही, मोर्च्यांमुळे रस्ते बंद होतात आणि भाजी आणायला निघालेला माणूस तीन चौक फिरून मोकळी पिशवी घेऊन घरी येतो. अशा दिवसांत शहाण्या माणसानं डोंगरात जावं. शहाणे कुणी मिळाले नाहीत म्हणून मग आम्ही गेलो.

आम्ही म्हणजे मास्तर, निपाणीकर, बँकवाले आणि त्यांच्या मंडळी, ज्यांना सगळे वैनीच म्हणतात. मास्तरांनी आयुष्यभर भूगोल शिकवला, त्यामुळे नकाशा त्यांच्याकडे. निपाणीकरांचं घराणं तंबाखूतलं. स्वतः सुपारीचं खांडही तोंडात टाकत नाहीत, पण कोणत्याही पानाला हात लावला की दोन बोटांत चुरगाळून वास घेतल्याशिवाय सोडत नाहीत. बँकवाल्यांकडे कुंदा होता. कुंदा घेतल्याशिवाय बेळगावचा माणूस गावाबाहेर पडत नाही, मग गाव पंधरा-वीस किलोमीटरवर का असेना.

बेत असा की वेंगुर्ला रस्त्यानं शिनोळीला जायचं, तिथून देवरवाडी, वैजनाथाचं दर्शन आणि पुढं जुन्या पायवाटेनं महिपाळगड. गडावर डांबरी रस्ता जातो हे सगळ्यांना ठाऊक होतं. “रस्त्यानं जायचं तर घरातच बसूया की ओ,” मास्तर म्हणाले. थंडीत घरी बसण्याची ही सूचना मला मनापासून पटली होती, पण तोवर सगळे गाडीत बसले होते.

हिंडलगा, सुळगा, बाची आणि मग शिनोळी. बाचीपर्यंत पाट्या कन्नड, पुढं मराठी. रस्ता कुठल्या बाजूचा वाईट ते सांगत नाही. दोन्ही सरकारं हा मान आलटून पालटून मिळवतात. चहाच्या टपरीवर मास्तरांनी इतिहास काढला. 1956 पर्यंत हा चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातच होता. राज्य पुनर्रचनेच्या कायद्यानं बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्याला दिला, “चंदगड तालुका वगळून”. त्या तीन शब्दांमुळे आज शिनोळीचा माणूस बाजाराला बेळगावात आणि कलेक्टरकडे कोल्हापुरात जातो. पुढं सीमाप्रश्नावरचा महाजन आयोग येणार हे ओळखून वैनींनी चहाचे पैसे दिले आणि उठल्या.

वैजनाथाचं देऊळ जुनं, दगडी, झाडीत लपलेलं. आत पाय ठेवला की थंडगार. देवळापाशी एक आजोबा उन्हाला पाठ देऊन बसले होते. त्यांना पायवाट विचारली.

“गाडीरस्ता हाय की तिकडं.”

“आम्हाला पायवाटेनं जायचंय.”

आजोबांनी आमच्याकडे, मग आमच्या बुटांकडे पाहिलं. “का?”

या प्रश्नाला गिर्यारोहणाच्या साहित्यात बरीच उत्तरं आहेत. चंदगडी म्हाताऱ्यापुढं त्यातलं एकही चालत नाही. शेवटी तेच म्हणाले, “वाट हाय. म्हशी जात्यात तिकडनं.”

“नीट पोचते का वर?”

“म्हशी सांजच्याला परत येत्यात न्हवं? मग झालं.”

पहिली पंधरा मिनिटं वाट चांगली होती. मग तिच्या दोन झाल्या, दोनांच्या चार, आणि मग गवतच गवत. हा मुलूख पावसाळ्यात इतका भिजतो की वहीची पानं एकमेकांना चिकटतात. डिसेंबर उजाडला की तेच पठार ठणठणीत कोरडं. वर सगळा जांभा दगड. पडलेलं पाणी तो धरून ठेवत नाही, झिरपून खाली सोडतो. वाळवंट बघायला राजस्थानात जाणाऱ्यांनी दुपारी बाराला इथं उभं राहून बघावं. पहाटे दात वाजत होते, आता कानटोप्या कुठं कोंबाव्यात हा प्रश्न होता.

मास्तरांनी नकाशा पसरला. त्यात आमची पायवाट तुटक रेषेनं दाखवली होती. प्रत्यक्षातही ती तुटकच होती. नकाशा फार अचूक निघाला. बँकवाल्यांनी फोन काढला. फोनवर हिरव्या रिकाम्या पडद्यात एक निळा ठिपका थरथरत होता. त्यातून एवढंच कळलं की आम्ही आहोत. शिवाय त्या सोंडेवर फोनला एकदा कर्नाटकाचा टॉवर सापडे, एकदा महाराष्ट्राचा. 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला सीमाप्रश्न त्या फोननं पाच मिनिटांत तीनदा सोडवला, आणि निकाल दर वेळी वेगळा.

खरी वाट दाखवली वैनींनी. त्यांचं माहेर गोठ्यातलं. त्यांनी नकाशाकडे पाहिलंही नाही, खाली पाहिलं. “हे आज सकाळचं. हे कालचं. इकडनं वर गेल्यात.” वैनी पुढं, मागं सगळा सुशिक्षित वर्ग खाली मान घालून शेण शोधत चाललेला. ताजं दिसलं की निपाणीकर आनंदानं “हाय हाय!” म्हणून ओरडत. व्यापारात एवढा आनंद त्यांना कधी झाला असेल असं वाटत नाही.

एका ठिकाणी वैनी थांबल्या. “हे म्हशीचं न्हवं.”

“मग?”

“गवा.”

थोडा वेळ कुणी बोललं नाही. चंदगड भागात गवे आहेत हे आम्ही पेपरात वाचलेलं. पुरा वाढलेला नर हजार किलोच्या घरात जातो, अशी पुरवणी मास्तरांनी या वेळी जोडायला नको होती. त्यावर निपाणीकरांनी दांडेलीकडून चंदगड-आजऱ्यात उतरणाऱ्या हत्तींचा विषय काढला, तोही नको होता. “शेण वाळलेलं हाय, चला,” असं म्हणून वैनी निघाल्या. आम्हीही निघालो, पण चालण्याचा क्रम बदलला. वैनींच्या मागच्या जागेसाठी चढाओढ लागली.

गवा दिसला नाही. हल्ला केला तो कुसळी गवतानं. या गवताचं बी एकदा जवळून बघण्यासारखं आहे, आणि ते जवळ येतंच. पुढं सुईसारखं टोक, टोकावर उलटे केस, मागं लांब काळपट शेपूट. शेपूट वाळलं की पीळ खातं, ओल लागली की पीळ सुटतो. असं फिरत फिरत बी जमिनीत स्वतःला रुतवून घेतं. जमीन नसली तर मोजा चालतो. मोजा आणि पाय यांतला फरक त्याला कळत नाही, आणि उलट्या केसांमुळे शिरलेलं कुसळ मागं ओढून निघत नाही, पुढनं उपसावं लागतं. बँकवाल्यांनी खास थंडीसाठी लोकरीचे मोजे घातले होते. एका दगडावर बसून ते कुसळं उपटू लागले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. आम्ही भाकरी, झुणका आणि शेंगांची चटणी संपवली तरी त्यांचा डावाच पाय चालू होता. कुंद्याचा डबा त्यांच्या पिशवीत आणि हात गुंतलेले, म्हणून डबा आम्हीच उघडला. माणुसकी म्हणून थोडा ठेवला.

त्यानंतरचा चढ उभा होता, एवढंच सांगतो. करवंदीच्या जाळ्यांतून रांगत, जांभ्याच्या धारेवर हात टेकत वर डोकं काढलं तर समोर तुळशीवृंदावन, वाळत घातलेली गोधडी आणि छपरावर टीव्हीची छत्री. महिपाळगडावर गाव आहे. पोरं क्रिकेट खेळत होती आणि आमचं येणं म्हणजे त्यांच्या लेखी सीमारेषेवर आलेला अडथळा होता. दारातल्या एका आजीनं आमची केसांत काटक्या अडकलेली वरात पाहिली.

“कुठनं आलासा?”

“खालनं. चालत.”

“गाडी बंद पडली व्हय?” आजींनी कळवळून विचारलं आणि पाण्याचा तांब्या आणायला आत गेल्या.

गडावर कातळात खोदलेली खोल विहीर आहे. ती बघून मास्तर पहिल्यांदाच गप्प झाले. जो दगड पाणी धरत नाही त्यातच पाणी राखायचं ज्यांनी जमवलं, त्यांना भूगोल काय शिकवणार! तटावरून धुरकटात बेळगाव दिसतं. हद्द मात्र दिसत नाही. मास्तरांनी बोटानं दाखवायचा प्रयत्न केला, पण दोन्हीकडे उसाचे फडच, आणि उसाच्या ट्रॉल्या कुणाला न विचारता इकडून तिकडे चाललेल्या.

उतरताना आम्ही डांबरी रस्त्यानं उतरलो. मास्तरांनी तत्त्वाचा प्रश्न काढला नाही.

तुम्ही जाणार असाल तर डिसेंबर-जानेवारीत जा. पुढं ऊन तापतं आणि गवताला वणवे लागतात. पाणी खालूनच भरून घ्या. पायवाट विचारायची ती गुराख्याला विचारा, फोनला नको. आणि लोकरीचे मोजे घरी ठेवून या.